जुन्या कॉलेजात परत जाणार असाल तर

जायला काहीच हरकत नाही. तिशी उलटली, नोकरी आहे पण जीव रमत नाही, बरोबरीचे सगळे पुढे निघून गेल्यासारखे वाटतात, आणि एके दिवशी पाय आपसूक जुन्या कॉलेजकडे वळतात. यात लाजायचं काय? आठवणींचा ओढा मुळातच तिकडे असतो. चाळिशीपुढच्या माणसांना आयुष्यातले प्रसंग सांगायला लावले की साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त निघतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना पुन्हापुन्हा दिसलं आहे. म्हणजे ते दिवस ठळक आठवतात एवढ्यावरून नंतरची वर्षं वाया गेली, असा हिशेब मांडू नका.

फक्त तिथून काय आणायला चाललोय, हे आधी ठरवा. न ठरवता गेलं की काय होतं ते जरा सविस्तर सांगते. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

आमच्या विभागाबाहेर नोटीस बोर्डावर वेळापत्रक लावलेलं होतं. सोमवार ते शनिवारचे चौकोन, दोन तासांची अदलाबदल पेनाने केलेली, एका कोपऱ्यातली टाचणी निघून कागद वळलेला. मी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं आणि इतकं हलकं वाटलं की विचारू नका. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं : मला शिकायचंय! प्रवेश घेतला, फी भरली. पहिलं सत्र मजेत गेलं. दुसऱ्या सत्रात, फाईल हातात धरून सबमिशनच्या रांगेत उभी असताना लक्षात आलं की या विषयात मला काडीचाही रस नाही. मला ते चौकोन हवे होते.

कॉलेजात पुढे काय, हा प्रश्न आपल्यापर्यंत येतच नाही. काय वाचायचं, किती वाचलं की पुरे, कधी थांबायचं, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. दर सत्राला निकाल लागतो. नापास झालात तरी पुढे काय करायचं ते माहीत असतं : परत बसायचं. नोकरीत आणि संसारात असा शिक्का कुणी मारत नाही. वर्षभर राबलात तरी ‘उत्तीर्ण, वरच्या वर्गात’ म्हणून कागद मिळत नाही. म्हणून मागे वळून बघताना वाटतं, तेव्हा मला किती स्पष्ट दिसत होतं! खरं तर तेव्हाही आपण चाचपडतच होतो, फक्त घंटा वेळेवर वाजत होती. त्या हुरहुरीच्या भरात नवी पदवी घ्याल तर ती संपल्यावर पुन्हा त्याच चौकात उभे राहाल, खिसा हलका करून.

खात्री करायची तर प्रवेश अर्ज भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाचा सिलॅबस मिळवा. एकाच पेपरच्या वाचनयादीतलं एक पुस्तक घ्या आणि परीक्षा नाही, हजेरी नाही, कुणी विचारणार नाही, अशा स्थितीत महिनाभर वाचून बघा. वाचत राहिलात तर खुशाल प्रवेश घ्या, वयाचा बाऊ करू नका. आणि पुस्तकाऐवजी ते वाचण्याचं वेळापत्रकच आखत बसलात, तर दुखणं कळलं. त्यावर पदवीपेक्षा स्वस्त उपाय आहेत : संध्याकाळचा एखादा वर्ग, किंवा दर आठवड्याला ज्याला काम दाखवावं लागेल असा एक मित्र. एखाद्या पेशात नियमानेच पदवी लागत असेल तर मात्र मनाला विचारत बसू नका, घेऊन टाका.

आता सरांना-मॅडमना भेटण्याबद्दल. आधी मेल करा. नाव, बॅच, प्रोजेक्टचा विषय, जमलं तर तेव्हाचा फोटो. त्यांच्या हाताखालून किती बॅचेस गेल्या असतील, चेहरा ओळखला नाही तर मनाला लावून घेऊ नका. आणि कृपा करून ‘सर, मी आयुष्यात काय करू?’ हे विचारू नका. ते बिचारे स्वतः ज्या वाटेने आले तीच दाखवणार, म्हणजे ‘पीएचडी कर’. त्यापेक्षा विचारा, ‘आपल्याकडून गेलेले कुणी अमुक क्षेत्रात आहेत का? एकदोघांशी ओळख करून द्याल?’ याचं उत्तर त्यांना देता येतं. माझं मत विचाराल तर लाडक्या सरांपेक्षा ज्यांनी जर्नल परत फेकलं होतं त्यांना आधी भेटा. ते तोंडावर खरं बोलतील. पैसे घेऊन ‘करिअरची दिशा’ देणाऱ्या मेंटॉरांविषयी न बोललेलंच बरं.

ओळख मागायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा शोधनिबंध इथे कामाचा आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांपैकी ती ओळख वारंवार भेटणारी होती असं सांगणारे १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. जवळजवळ ५६ टक्क्यांची ओळख अधूनमधून भेटणारी होती आणि २८ टक्क्यांची क्वचितच. पाहणी लहान आहे, पण कारण पटण्यासारखं आहे : रोज भेटणाऱ्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. विरळ ओळखीचं उदाहरण म्हणून त्यांनी जुना कॉलेजमित्रच दिला आहे. बॅचच्या ग्रुपवर ‘कुणाकडे ओपनिंग आहे का?’ असं टाकून मोकळं होणं म्हणजे ही ओळख वापरणं नव्हे. एकेकाला वेगळा मेसेज करा.

शिफारसपत्र हवं असेल तर तीन-चार आठवडे आधी सांगा, सोबत बायोडेटा आणि त्यांच्या हाताखाली काय काम केलं ते चार ओळींत लिहून द्या. ‘वेळ नसेल तर तसं सांगा, मी समजू शकते’ हेही लिहा. नाइलाजाने दिलेलं पत्र लगेच ओळखू येतं.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जाऊन यातलं काही होत नाही. तिथे प्रत्येक जण आपलं उत्तम चाललंय हे दाखवायला आलेला असतो, आणि आधीच खचलेल्या माणसाने तिथे जाऊच नये. साधा कामाचा दिवस निवडा, परीक्षेचा हंगाम टाळा. गेलाच आहात तर गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्टच्या साक्षांकित प्रतींचा अर्ज देऊन टाका, नावाचं स्पेलिंग चुकलं असेल तर त्याचाही. हे काम विभागात जाण्याआधी उरका. गप्पांत वेळ गेला की कार्यालयाची खिडकी बंद झालेली असते.