किशोरांच्या शिबिराची यादी: ताडपत्रीच्या आधी काय जमवायचं

एप्रिल सरत आला की चर्चच्या तरुण संघाच्या दादा-ताईंचे फोन सुरू होतात. मंडप कुणाचा घ्यायचा, साउंडवाला किती मागतो, संदेशाला, म्हणजे प्रवचनाला कुणाला बोलवायचं. ते सगळं होतं हो. नवापूरपासून भुसावळपर्यंत मंडप मिळत नाही असं गाव नाही. तुम्ही आधी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा शोधा, झाकणाला चीर पाडा आणि महिनाभर आधी चर्चच्या मागच्या बाकावर ठेवून द्या. मुलांनी त्यात चिठ्ठी टाकायची. नाव लिहायचं नाही. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा, मावचीत लिहा, शुद्धलेखन कुणी तपासणार नाही. डबा पाळकसाहेबांच्या खुर्चीजवळ मात्र ठेवू नका, रिकामाच राहतो.

आमच्या डब्यातून एका वर्षी निघालेलं थोडं सांगते. ‘वर्गात मी एकटाच ख्रिस्ती. पोरं विचारतात, धर्म बदलायचे किती पैसे मिळाले.’ ‘उपास धरला, प्रार्थना केली, तरी गणितात गेलो.’ ‘पप्पा शनिवारी पिऊन येतात आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात.’ ‘फोनवर नको ते बघतो, मग भक्तीला बसायची लाज वाटते.’ एका चिठ्ठीवर ‘माले झोप येत नही’ एवढंच होतं. आणि आम्ही पत्रकावर छापून ठेवलेला विषय होता शेवटच्या काळाची चिन्हं! पत्रकं रद्दीत घातली. दोनशे रुपये गेले, पण शिबिराचे विषय तेव्हापासून डब्यातूनच निघतात.

तारीख ठरवताना कॅलेंडर एकट्याने बघू नका, शेतावर जाणाऱ्या आईबापाला शेजारी बसवा. दिवाळीच्या सुट्टीत मुलं कापूस वेचायला जातात आणि नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत निघालेली असतात. नाताळात गाण्यांच्या फेऱ्या, जानेवारीत पूर्वपरीक्षा, पुढे बोर्ड. राहता राहिला मे. दहावी-बारावीचा निकाल लागू द्या, शिबिर त्यानंतरच घ्या. नापास झालेलं पोर घरात तोंड लपवून बसलेलं असतं आणि खरं तर शिबिर त्याच्यासाठीच आहे. त्याला ग्रुपवरचा मेसेज पुरत नाही, घरी जाऊन घेऊन या. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख शाळेतून विचारून आणा आणि पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. वचन त्याच्या खाली लिहिलं तरी चालेल.

मे म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळला पारा ४५च्या आसपास जातो, म्हणून सत्रं सकाळी साडेसहा ते दहा आणि पुन्हा पाचनंतर. मधल्या वेळेत मुलांना आडवं पडू द्या, वाटलं तर गप्पा मारू द्या. हे मी शिकले ते एका शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारी अडीचला वीज गेली, वक्त्यांचा संदेश दीड तास झाला तरी संपेना आणि मागच्या रांगेतली एक मुलगी धाडकन कोसळली. पुढचे दोघे-तिघे पवित्र आत्मा उतरला म्हणून हात वर करून स्तुती करायला लागले. मुलीला पाणी पाजलं तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘मावशी, काल दुपारपासून काही खाल्लं नाही.’ पहाटेची पॅसेंजर चुकेल म्हणून पोर तशीच निघाली होती आणि इथे आल्याआल्या आम्ही तिला नोंदणीच्या रांगेत उभं केलं होतं.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट मी शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, कितीदा शिकवली असेल, पण त्या दिवशी ती मला कळली. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, म्हणाला. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं होतं. तो जेवला, पुन्हा झोपला, त्याला पुन्हा उठवून जेवायला घातलं आणि मगच पुढची चाळीस दिवसांची वाट. ‘झोप येत नही’ लिहिणाऱ्या मुलाला सांगायला याहून चांगलं मला अजून सापडलेलं नाही. तर यादीत नोंदणीच्या टेबलाच्या वर भाकरीचं टेबल लिहा. पोहोचल्याबरोबर ताक आणि खिचडी, रात्री कळण्याची भाकरी नि शेवभाजी, एक दिवस वरण-बट्टी. भरिताचा हट्ट धरू नका, ती हिवाळ्याची गोष्ट. मीठ-साखरेच्या पाण्याची पिंपं दोन.

आता उत्तरांची तयारी. ‘किती पैसे मिळाले’ या प्रश्नाचा मुलांकडून सराव करून घ्या, अगदी नाटकासारखा. एकाने खोचक विचारायचं, दुसऱ्याने न चिडता सांगायचं: ‘आमच्या घरी पणजोबांपासून प्रार्थना चालते, तू नाताळला ये ना जेवायला.’ पहिल्यांदा सगळे हसतात, तिसऱ्यांदा जमतं. सोबत बायबलमधली दानीएल आणि त्याच्या तिघा मित्रांची गोष्ट घ्या, पण आगीच्या भट्टीपासून सुरुवात नको. सुरुवात पहिल्या अध्यायापासून करा. परक्या राजाची शाळा, परकी भाषा, नावंसुद्धा बदललेली. ते शाळा सोडून पळाले नाहीत, तिथलं सगळं शिकले आणि स्वतःचं काय सोडायचं नाही तेवढं ठरवून बसले. पुढच्या महिन्यात नाशिक-पुण्याच्या होस्टेलला जाणाऱ्या मुलीला हेच लागणार आहे.

गणितात गेलेल्या मुलाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं जो म्हणेल, त्याला स्वयंपाकाकडे पाठवा. बायबलमध्ये स्तोत्रं १५० आहेत आणि त्यांतली बरीचशी रडगाणीच आहेत. तेराव्यात ‘किती वेळ’ हाच प्रश्न चारदा येतो, अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. मुलांना वह्या द्या आणि आपलं एक तक्रारीचं स्तोत्र लिहू द्या. वाचून दाखवायची सक्ती नको. घरात श्रद्धेवरून दोन तट पडलेल्यांना ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं सांगा. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नवरा-बायको काही वर्षं वेगळी राहिली. ज्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो त्यांच्या घरातही हे घडलं होतं, हे ऐकून मुलं जरा सैल होतात. गाण्यांवरून दरसाल भांडण होतं म्हणून आधीच ठरवा: सकाळी टिळक, रात्री मुलांचे हिंदी कोरस.

बाप पितो, त्या चिठ्ठीला मंचावरून उत्तर नाही. ‘आईबापाचा मान राख’ हे वचन तर तिथे अजिबात फेकू नका. त्यासाठी मदतनीस लागतात, आठ मुलांमागे एक, निम्म्या तरी बायका. निवडताना वक्तृत्व बघू नका, गप्प किती बसता येतं ते बघा. एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत कुणी बसायचं नाही, झाडाखाली सगळ्यांच्या नजरेसमोर बसायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही द्यायचं नाही. मी एकदा दिलं होतं आणि ते मोडताना त्या मुलाचा चेहरा कसा झाला ते अजून आठवतं. ‘तुझ्या भल्यासाठी ज्याला सांगावं लागेल त्यालाच सांगेन’ एवढंच म्हणा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग आरोपी मंडळीतला वडीलधारा का असेना. प्रार्थना तिथे चालूच ठेवा, पण फोनही करा. चाइल्डलाइन १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, हे दोन्ही नंबर प्रत्येक मुलाच्या बिल्ल्यामागे छापून घ्या. मुलांना वाटतं डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास सोडणं. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता याची आठवण करून द्या.

बाकीचं पटकन. मुलींची झोपायची सोय वेगळी, दाराशी एक मावशी. संडासात रात्रभर दिवा. चादर, ताट-वाटी, टोपी ज्याची त्याने आणायची, जादा सहा चादरी आपण न्यायच्या. फोन जमा करायचे, पण संध्याकाळी घरी बोलायला अर्धा तास द्यायचा.

आणि परतीच्या गाडीत मुलं चढवली की यादी संपत नाही. पुढच्या तीन आठवड्यांत कोण कुणाच्या घरी जाणार ते शिबिराच्या आधीच नावानिशी लिहून ठेवा. ‘माले झोप येत नही’ ही चिठ्ठी कुणाची, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून त्या वर्षी आम्ही सगळ्यांच्याच घरी गेलो. ३४ घरं आणि दोन मोटरसायकली. पेट्रोलचे पैसे बजेटमध्ये धरलेले नव्हते, तुम्ही आधीच धरा.