खिडकीत राहिलेली प्लेट आणि डीएनएची दुरुस्ती

दारव्हा तालुक्यातून एम.एस्सी.ला अमरावतीला आले, तेव्हा डीएनए दुरुस्ती म्हणजे माझ्यासाठी एन्झाइमांच्या नावांचं पाठांतर होतं. या विषयात नव्याने येणाऱ्यांनो, नावांपासून सुरुवात करू नका.

मला तो कळला एका गोंधळातून. ई. कोलाय या जिवाणूच्या दोन प्लेटा यूव्ही (अतिनील) दिव्याखाली सारखाच वेळ ठेवायच्या, मग दोन्ही फॉइलमध्ये गुंडाळून इन्क्युबेटरमध्ये. एक गुंडाळली आणि लाइट गेली. दुसरी खिडकीपाशी तशीच राहिली, दीड तासाने आठवली. दुसऱ्या दिवशी गुंडाळलेल्या प्लेटवर अकरा ठिपके, म्हणजे वाचलेल्या जिवाणूंच्या वसाहती. खिडकीतलीवर मोजता येईनात इतके. वाटलं, यूव्ही नीट बसला नाही. मॅडम म्हणाल्या, "फोटोलायेज वाच."

यूव्हीने डीएनएच्या साखळीतली शेजारशेजारची दोन थायमिन अक्षरं एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज हे एन्झाइम निळ्या उजेडाच्या जोरावर ती गाठ सोडवतं. माणसात ते नाही. आपल्या पेशी बिघडलेला तुकडाच कापून काढतात, साधारण 30 अक्षरांचा, आणि समोरच्या साखळीत बघून जागा भरतात. पऱ्हाटीत मेलेल्या रोपाच्या जागी नांग्या भरतो तसंच. या दोन्ही कामांचा छडा लावणारे अझीझ संजार तुर्कस्तानातल्या सावुर गावचे. आधी गावाकडे डॉक्टरकी केली, 2015 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. खरं सांगते, धीर आला.

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणे, "मंग आमी दिवसभर उन्हात कापूस वेचतो, आमचं काहून नाई बिघडत?" बिघडतं, रोजच. थोडं ऊन कातडीतलं मेलॅनिन अडवतं, उरलेलं पेशी निस्तरतात.

"अन् निस्तरलं नाई तं?"

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हाच प्रश्न आला. कापणीची यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असली की झेरोडर्मा पिग्मेंटोझम हा आजार होतो: अशा लेकरांना लहानपणीच त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. दोन्ही साखळ्या तुटल्या तर बघून भरायला समोर काहीच उरत नाही. मग अचूक दुरुस्तीसाठी डीएनएच्या जुळ्या प्रतीवरून नक्कल करावी लागते. बीआरसीए 1 आणि 2 ही जनुकं त्याच कामाची. ती बिघडली की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून प्रत्येक प्रकाराला दोनच प्रश्न विचारा: मोडलं काय, आणि बरोबर अक्षरं आणायची कुठून? नावं मागून आपोआप बसतात.

आणि फॉइल घरून न्या. लॅबमधली नेमकी प्रॅक्टिकलच्या दिवशी संपलेली असते.