पंप खांद्यावर घेण्याआधी वावरात एक फेरी

पोळ्याच्या सुमारास कपाशी पात्या-फुलांवर असते, तूर कमरेला लागते आणि पाऊस दोन दिवस उघडला की गावभर फवारणी पंपांचा आवाज सुरू होतो. औषध कालवण्याआधी वावरात एक फेरी मारा. सकाळी लवकर जा, उन्हं चढली की निम्मे किडे पानाआड दडतात. एकरात तिरपे चालत 20 झाडे निवडा आणि प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे पान उलटून बघा. सोबत साधे भिंग असले की काम भागते.

शेती हातात घेतली त्या पहिल्याच खरिपात चवळीवर मला काळपट, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या. अगदी मगरीच्या पिल्लासारख्या. घाबरून संध्याकाळी फवारणी उरकली. आठवड्यात शेंगा माव्याने काळ्या पडल्या. त्या अळ्या ढालकिड्याच्या होत्या, मावा खाऊन वाढणाऱ्या. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला मोठा ढालकिडा पोरंसोरंही ओळखतात, पण त्याचं पिल्लू आपण शत्रू समजून मारतो.

मावा खाणाऱ्या क्रायसोपा किड्याचंही तेच. पानाच्या खालच्या अंगाला केसाएवढ्या बारीक दांडीवर उभी असलेली पांढरट अंडी दिसली, की ‘ही बुरशी कोणती?’ म्हणून फोटो येतात. बुरशी नव्हे, तो तुमचा बिनपगारी गडी आहे. माव्याच्या घोळक्यात काही मावे फुगलेले, भुरकट, कडक झालेले दिसतात. त्यांच्या पाठीला गोल भोक असेल तर परजीवी गांधीलमाशी आपलं काम आटोपून बाहेर पडली असं समजा.

मोजणी वहीत लिहा. कपाशीत पानामागे तुडतुड्यांची 2-3 पिल्ले, 10 फुलकिडे किंवा 8-10 पांढऱ्या माश्या, ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा खर्च परवडू लागतो ती हद्द. त्याखाली आकडा असेल आणि साधारण दोन किडींमागे एक मित्रकीटक सापडत असेल, तर चार दिवस थांबून पुन्हा मोजा. फारच वाटलं तर 5 टक्के निंबोळी अर्क मारा. सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारू नका. मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट जोमाने वाढते.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत मात्र थांबायला सांगणार नाही. अळी एकदा बोंडात शिरली की ढालकिडा तिचं काही करू शकत नाही. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी दिसली की तोडून अळीसकट नष्ट करा. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग आले किंवा फुला-बोंडांचं नुकसान 10 टक्क्यांवर गेलं, तर फवारणी करावीच लागते. ट्रायकोकार्ड, म्हणजे बोंडअळीची अंडी संपवणाऱ्या बारीक परजीवी गांधीलमाशीचं कार्ड, लावणार असाल तर पतंग दिसू लागताच, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला लावा. त्या आठवड्यात रासायनिक औषध नको, नाहीतर कार्डाचे पैसे पाण्यात.

आता धुरा, म्हणजे वावराचा बांध. पोळ्याआधी तो सरसकट चकाचक करायची आपल्याकडे हौस असते. पेटारी, रानभेंडी जरूर उपटा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण त्यांच्यावरच तग धरतात. रुईचं एखादं झुडूप मात्र राहू द्या. तिच्यावरचा पिवळाधमक मावा कपाशीवर येत नाही, पण त्याच्यावर ढालकिडे पोसले जातात. गाजर गवताच्या पानांवर पांढुरक्या अंगावर काळ्या रेघांचे भुंगे असतील तर तेवढा पट्टा फवारू नका. ते मेक्सिकन भुंगे आहेत, गाजर गवतच खातात.

तुरीत एकरी 20 पक्षीथांबे पुरेत. पिकापेक्षा हातभर उंच, आडवी काडी बांधलेले. कोतवाल आणि वेडा राघू दुसऱ्या दिवसापासून हजर होतात. तूर फुलावर आली की फवारणी टाळता येत नसेल तर ऊन कलल्यावर करा, तोवर मधमाश्या पोळ्याकडे परतलेल्या असतात. आणि शेजारी ज्वारी असेल तर दाणा भरायला लागताच तिकडचे थांबे काढून घ्या, नाहीतर दाणे टिपणारे पक्षीही त्यांवर ठाण मांडतात.