औषध दिलं की पाठ फिरवू नका: वॉर्डातल्या या चुका टाळा

सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत दरवर्षी नर्सिंगची नवी बॅच पोस्टिंगला येते. पोरं-पोरी हुशार असतात, फाइव्ह राइट्स विचारले की घडाघडा म्हणून दाखवतात, योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ, आणि तरी चुका होतातच. इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर मला असं वाटतं की निम्म्या चुका औषध देताना होत नाहीत, दिल्यानंतर होतात. शीटवर सही केली, ट्रे उचलला की पुढचा बेड. औषध आत्ता कुठं रक्तात चाललंय आणि बघायला कुणीच नाही.

"ॲलर्जी आहे का?" एवढंच विचारणं

जत-आटपाडीकडनं आलेली आज्जी याला "न्हाय" म्हणणार, कारण तो शब्दच तिच्या घरात कुणी वापरत नाही. तिच्या भाषेत विचारा. "आज्जी, कुठल्या गोळीनं नाहीतर सुईनं अंगावर पित्त उठलंवतं का? तोंड सुजलं, दम लागला, चक्कर येऊन पडलावता का?" मग ती सांगते, "व्हय की, मागं तापाच्या सुईनं सगळं अंग लाल झालंवतं." हे लगेच शीटवर लाल पेनानं लिहा आणि डॉक्टरांना सांगा, ड्युटी बदलताना ओव्हर देऊन नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

इन्सुलिनची सिरिंज न बघणं

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी स्टुडंट होते, ऑर्डर 20 युनिटची, व्हायल (औषधाची बाटली) 40 ची, म्हणजे 1 मिलीत 40 युनिट, आणि हातात आली नारंगी टोपणाची 100 ची, म्हणजे 1 मिलीत 100 युनिटवाल्या इन्सुलिनसाठीची सिरिंज. 20 च्या रेघेपर्यंत भरलं आणि दिलं. त्या रेघेला 0.2 मिली असतं, म्हणजे 40 च्या व्हायलमधून पेशंटला गेले फक्त 8 युनिट. दुसऱ्या दिवशी शुगर वाढलेली, डॉक्टरांनी डोस 30 केला, आणि संध्याकाळच्या सिस्टरनं बरोबर लाल टोपणाची 40 ची सिरिंज घेऊन बरोबर 30 दिले. तासाभरात काका घामानं भिजले, हात थरथरायला लागले. साखर पाजून सावरले, पण सगळे जेवण कमी पडलं का तेच शोधत होते. मी रडत रडत कालचं सांगितलं तेव्हा उलगडा झाला.

उलटी चूक तर जास्त भयंकर, 100 ची व्हायल आणि लाल सिरिंज घेतली तर 20 च्या रेघेला 50 युनिट जातात. म्हणून आधी व्हायलवरचा आकडा, मग सिरिंजवरचा आकडा, दोन्ही मोठ्यानं वाचायचे आणि शेजारच्या सिस्टरला दाखवायचे. ऑर्डरमध्ये युनिटसाठी "यू" अक्षर असेल तर घाईत ते शून्यासारखं दिसतं, शंका आली की विचारा, ओरडा खाल्ला तरी चालेल.

रिॲक्शनमध्ये आधी एव्हिल (ॲलर्जीचं इंजेक्शन) शोधणं

ऊसतोडीच्या दिवसात साप चावलेले पेशंट येतात. त्यांना द्यायचं सापाच्या विषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांवर चालतं, पण ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळं रिॲक्शन कुणालाही येऊ शकते. टेस्ट डोसवर भरवसा ठेवू नका, त्यावरनं रिॲक्शनचा अंदाज येत नाही. ड्रिप सुरू करायच्या आधीच ॲड्रेनालिन (रिॲक्शनवरचं पहिलं औषध) भरून ट्रेमध्ये तयार ठेवा आणि सुरुवातीची पंधरा मिनिटं बेडजवळनं हलू नका. खाज, गांधी, खोकला, उलटी, थंडी वाजणं यातलं काही दिसलं की आधी ड्रिप बंद करा आणि डॉक्टरांना हाक मारा. मोठ्या माणसाला ॲड्रेनालिन 0.5 मिलीग्रॅम, म्हणजे 1 मिलीच्या अँप्युलमधलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. शिरेत नाही. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) नंतर, त्यांनी श्वासनलिका उघडत नाही की पडलेलं बीपी वर येत नाही.

औषधाचा परिणाम म्हणजे पेशंटचा त्रास समजणं

तासगाव भागातनं द्राक्षावर फवारायचं विषारी औषध पोटात गेलेले पेशंट येतात, त्यावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू असतं. रात्री पेशंट बडबडतो, हवेत हात मारतो, सलाइन उपटतो, आणि आपण काय म्हणतो, "लई त्रास देतोय, हात बांधा." अहो, आधी अंगाला हात लावून बघा. कातडी कोरडी आणि गरम आहे का, नाडी पळतीय का, पोटाचा आवाज बंद आहे का, लघवी तुंबलीय का? हे सगळं असेल तर ॲट्रोपिन जास्त झालंय, तातडीनं डॉक्टरांना कळवा. नुसत्या बाहुल्या बघून ठरवू नका, छातीतला घरघराट किती उरलाय ते महत्त्वाचं.

साध्या गोळ्यांचंही तसंच. बीपीच्या गोळ्याच घ्या, ॲम्लोडिपिननं पाय सुजतात, एनालाप्रिलनं कोरडा खोकला येतो, आणि पेशंट खोकल्याचं औषध पीत बसतो.

गरोदरपणातल्या झटक्यांवरच्या मॅग्नेशियमचा पुढचा डोस द्यायच्या आधी लेबर रूममध्ये गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला 16 च्या वर आणि लघवी तासाला निदान 30 मिली, हे तिन्ही बघितल्याशिवाय सुई उचलू नका, त्यावरचा उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ हवं. पोटॅशियम कधीच थेट शिरेत ढकलायचं नाही, हृदय बंद पडतं. फिटवरचं फेनिटोइन डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाइनमध्ये) नाही, एनएसमध्येच (साध्या मिठाच्या सलाइनमध्ये). व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या 1 ग्रॅमला कमीत कमी एक तास लागू दे, घाई केली की तोंड-मान लालबुंद होते.

कळवायचं राहून जाणं

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा देशाचा कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. तिथं नर्ससुद्धा कळवू शकते, हे बऱ्याच स्टुडंटना माहीतच नसतं. फोन 1800-180-3024. पुरावा लागत नाही, संशय पुरतो. पेशंटच्या नावाची आद्याक्षरं, वय, काय झालं, कधी झालं, कुठल्या औषधावर संशय आहे, आणि कळवणाऱ्याचं नाव, एवढं लागतं. म्हणून रिॲक्शन आली की मोकळं व्हायल, अँप्युल लगेच डब्यात टाकू नका, मावशींनाही सांगून ठेवा, बॅच नंबर त्याच्यावरच असतो.