‘वकीली कुठे आहेत?’ : नैरोबीत वकिली सुरू करणाऱ्या मुलींसाठी

स्वाहिलीत वकिलाला ‘वकीली’ म्हणतात. त्यांचा आणि आपला, दोन्ही शब्द अरबीतून आलेले. मिलिमानी कोर्टाच्या जिन्यावर मी काळा कोट घालून उभी होते. एका काकांनी विचारलं, ‘वकीली युको वापी?’ म्हणजे वकील कुठे आहेत? त्यांचीच फाइल माझ्या हातात होती. मी हसून ‘येतील’ म्हटलं आणि आत गेले. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, काकांचं फारसं चुकलं नव्हतं. ती केस माझी नव्हतीच, मी नुसती ‘होल्डिंग ब्रीफ’ होते, म्हणजे दुसऱ्या वकिलाच्या वतीने हजर.

यंदा ओळखीतल्या दोन मराठी मुली केनिया स्कूल ऑफ लॉला, म्हणजे वकिलीच्या सनदेआधीच्या प्रशिक्षणाला, लागल्या, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नऊ पेपर, सहा महिन्यांची प्युपिलेज म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, ती घेणारा ‘प्युपिल मास्टर’ पाच वर्षं प्रॅक्टिस केलेलाच चालतो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. एक आधीच कबूल करते. माझे आजोबा इथे आले, मी इथेच जन्मले, पासपोर्ट केनियाचा. तरी आडनावामुळे आशियाई दुकानदार मंडळी आपणहून माझ्याकडे यायची. पश्चिम केनियातल्या किसुमूहून आलेल्या माझ्या मैत्रिणीला तीही वाट नव्हती. तिला चेंबरमध्ये चहाचे कप उचलायला सांगितलं जायचं, मला नाही. बाकी खड्डा मात्र दोघींचा एकच.

तो खड्डा नीट समजून घ्या. सकाळी साडेसातला क्लार्क चार फाइली हातात देतो. तुम्ही कोर्टात उभं राहून म्हणायचं, ‘अमुक यांच्या वतीने ब्रीफ धरून हजर आहे.’ तारीख घ्यायची, कोपऱ्यात लिहायची, फाइल परत. यात गैर काही नाही, सगळेच करतात. पण आमच्या चेंबरमध्ये माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला सहा महिन्यांनी साक्षीदार तपासायला मिळाला आणि मला तीन वर्षं तारखाच मिळाल्या. वर ‘तू क्लायंटशी छान बोलतेस’ म्हणून बायकांच्या केसेसमध्ये शेजारी बसायला बोलावणं. लेखी युक्तिवाद मी लिहायचे, सही सरांची. रात्री अकराला ते ईमेल करायचे आणि सकाळी त्याच मजकुरावर सर बोलताना मागच्या बाकावर बसून ऐकायचं. कौतुक व्हायचं हो, खूप व्हायचं. कौतुकानेच घात केला.

कळलं कधी? दुसऱ्या फर्मच्या मुलाखतीत. समोरच्या बाईंनी एकच विचारलं, ‘स्वतः चालवलेली एक केस सांगा.’ मी सांगायला लागले आणि चौथ्या वाक्यात लक्षात आलं की प्रत्येक वाक्यात ‘सर’ येतायत. न्यायाधीशांच्या नोंदीत माझं नाव होतं, पण ‘यांच्या वतीने’ या शब्दांना चिकटून. तीन वर्षांत एकही उलटतपासणी नाही. बाईंनी पाणी पुढे केलं. ते पाणी अजून आठवतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, केस नंबर, काय केलं, कोणाच्या सहीने गेलं. दर महिन्याअखेर नुसतं ‘तारीख घेतली’ मोजा. सलग तीन महिने बाकी काहीच नसेल तर तोंड उघडून मागा: ‘सर, या केसमधला दुसरा साक्षीदार मी घेते.’ मोघम ‘जास्त काम द्या’ म्हणू नका, आणखी तारखा मिळतील. अमुक साक्षीदार, अमुक अर्ज, असं बोट ठेवून मागा.

घाबरू नका, तुमची वेळ माझ्यापेक्षा बरी आहे. २०२१ पासून स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. दहा लाख शिलिंगांपर्यंतचे दावे, ६० दिवसांत निकाल. अशा दोन-तीन केसेस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने चालवा. उधारीचा माल, थकलेले पैसे, असलं काहीही. चेंबरमधल्या मोठ्या मंडळींना त्यात रस नसतो, हाच तुमचा फायदा.

मेंटॉरबद्दल माझं मत वाईट आहे, सांगून ठेवते. कॉफी पाजून ‘आत्मविश्वास ठेव’ सांगणारे पुष्कळ भेटतील. मला उपयोग झाला तो एका खडूस बाईंचा. त्यांनी कधी गोड शब्द काढला नाही, पण सुनावणीच्या आदल्या दिवशी फाइल हातात ठेवून म्हणाल्या, ‘उद्या तू उभी राहा, मी मागे बसते.’ आणि अडकल्यासारखं वाटलं की परदेशात एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पुढच्या पदवीला, पळायचं, हा शॉर्टकटही मला पटत नाही. परत आल्यावर क्लार्क त्याच चार फाइली देतो.

वरच्या पायऱ्यांवर बायका दिसतात, ते खोटं नाही. २०२१ मध्ये मार्था कूमे देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश झाल्या. २०२४ मध्ये फेथ ओधियाम्बो लॉ सोसायटीच्या, म्हणजे देशातल्या वकिलांच्या संघटनेच्या, अध्यक्ष झाल्या. त्यांच्याआधी या पदावर एकच बाई, रेशेल ओमामो. पण कागद आणि चेंबर यांत अंतर असतं. २०१० च्या राज्यघटनेत कलम २७(८) आहे: निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या कुठल्याही मंडळात एकाच लिंगाचे लोक दोन-तृतीयांशांहून जास्त नकोत. संसदेने त्यासाठीचा कायदा केला नाही म्हणून २०२० मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी राष्ट्राध्यक्षांना संसद बरखास्त करण्याचा सल्ला दिला. संसद जागची हलली नाही. देशाच्या पातळीवर हे, तर आपल्या पाच माणसांच्या चेंबरची काय कथा!

पाच माणसांचं मुद्दाम म्हटलं. २००७ च्या रोजगार कायद्यात लैंगिक छळाविरुद्ध लेखी धोरण ठेवायचं बंधन आहे, पण वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तरच. लहान चेंबरला ते लागत नाही. तीन महिन्यांची पगारी बाळंतपणाची रजा त्याच कायद्यात आहे, पण ‘कमिशनवर ये, पगाराचं नंतर बघू’ असं तोंडी ठरलं असेल तर तुम्ही कर्मचारी आहात हे सिद्ध करण्यातच बाळ रांगायला लागेल. नेमणुकीचं पत्र घ्या. ‘आपण काय परके आहोत का’ असं म्हणाले तरी घ्या. तसं म्हणाले तर जास्तच घ्या.

माझी पहिली उलटतपासणी त्या खडूस बाईंच्या फाइलीतली, भाडेकरूच्या डिपॉझिटची. अकरा प्रश्न लिहून नेले होते, त्यातले चार साफ फसले. एकदा न्यायाधीशांनीच साक्षीदाराची सुटका केली. बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, ‘सातवा बरा होता.’ नंतर फी भरून मी त्या दिवसाच्या नोंदींची नक्कल काढली. आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, पण पुढे ‘यांच्या वतीने’ नाही. किसुमूच्या मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचा उलट फोन आला, ‘नक्कल काढायला किती लागले? मलाही माझी काढायचीय.’