अंगणाकडचं सरकतं दार बसवताय? या चुका टाळा

नागपुरात आमच्या बेशाकडच्या घरात राहायला आल्यावर पहिला जोराचा पाऊस झाला आणि अर्ध्या तासात हॉलमधल्या सोफ्याखाली पाणी आलं. आठ फुटी स्लायडिंग दार नीट बंद होतं, काचेच्या रबरातून एक थेंबही येत नव्हता. पाणी खालच्या ट्रॅकमधून काठोकाठ भरून आत सांडत होतं. मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "काळजी करू नका भाऊ, बाहेरून सिलिकॉन मारून देतो." मारलं. पुढच्या पावसात दुप्पट पाणी आत आलं.

मग टॉर्च घेऊन ओट्यावर पालथा पडून पाहिलं. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला, अगदी तळाशी, करंगळीच्या नखाएवढ्या लांबट खाचा होत्या. एक ताज्या सिलिकॉनखाली बुजली होती. उरलेल्या दोन ओट्याच्या टाइलमागे गेल्या होत्या, कारण टाइल लावताना मसाला अर्धा इंच जास्त चढला होता. खराट्याची काडी घालून खरवडलं तशी वाळलेल्या सिमेंटची खपली निघाली आणि साचलेलं पाणी भसकन बाहेर आलं.

सरकत्या दाराचा ट्रॅक म्हणजे खरं तर छोटी पन्हळ. वाऱ्यासोबत आलेलं पाणी त्यात पडणार हे गृहीत धरूनच त्या खाचा दिलेल्या असतात. म्हणून त्या कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून बुजवू देऊ नका. बाहेरची फरशी ट्रॅकच्या तळापेक्षा निदान इंचभर खाली हवी आणि तिचा उतार अंगणाकडे हवा. हल्ली आत-बाहेर एकसलग फरशी दिसावी म्हणून उंबराच काढून टाकतात. विदर्भात एकदा झड लागली की दोन-दोन दिवस पाऊस थांबत नाही. छत नसलेल्या ओट्यावर असा सपाट उंबरा करायचा असेल, तर दाराबाहेर जाळीची नाली काढावीच लागते. ती काढायची तयारी नसेल तर उंबरा ठेवा. दार बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचे पैसे चुकते करण्याआधी ट्रॅकमध्ये एक तांब्या पाणी ओतून पाहा. ते मिनिटभरात बाहेर गेलं पाहिजे.

दिशा न बघता काच घेणं

आपल्याकडे दार मे आणि जुलै या दोन्ही महिन्यांसाठी घ्यावं लागतं. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. जुलैत तीच हवा ओली आणि चिकट होते. दुकानात दार बघताना यातलं काहीच डोळ्यांसमोर नसतं, तिथे एसी चालू असतो.

सगळ्यात जास्त त्रास पश्चिमेच्या दाराचा. मेच्या शेवटी नागपुरात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या दाराला छज्जा पुरतो. पश्चिमेला तो पुरत नाही. दुपारी चारला दोन फुटी छज्जाची सावली दाराच्या वरच्या जेमतेम दीड फुटावर पडते, पाचला त्याहूनही कमी. पुढे मावळेपर्यंत ऊन थेट हॉलच्या फरशीवर येतं. आतून जाड पडदा लावला तरी ऊन काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोली तापवत राहतो. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. बांबूची चिक, वाळ्याचा पडदा, ओट्यावर पत्र्याची किंवा वेलीची सावली, यांतलं काहीही चालेल.

दुहेरी काचेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खोलीत दिवसभर एसी चालत असेल तर पैसे वसूल होतात. कुलर असेल तर नाही, कारण कुलर लावायचा तर आतली हवा बाहेर जायला दार किंवा खिडकी थोडी उघडी लागतेच. सगळं घट्ट बंद करून कुलर चालवला की खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. कुलरवाल्या घरात तो पैसा बाहेरच्या सावलीला आणि ऊन परतवणाऱ्या कोटिंगच्या काचेला लावा. दार चार बोटं उघडं ठेवून आतून अडकवता येईल असा स्टॉपर मात्र आधीच मागून घ्या.

काच टफन्डच, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेलीच घ्या. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का कोरलेला असतो, तो स्वतः बघा. टफन्ड काच फुटली तर तिचे बारीक बोथट दाणे होतात, साध्या काचेचे सुरे होतात. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, तेव्हा माप चुकलं तर काच वाया जाते. साध्या काचेवर नंतर काळी फिल्म चिकटवू नका. काचेचा मधला भाग उन्हाने तापतो, चौकटीत दबलेली कड थंड राहते आणि एखाद्या दुपारी कडेपासून तडा जातो.

चौकट भिंतीला घट्ट ठोकणं

यूपीव्हीसी, म्हणजे चौकटीचं कडक प्लास्टिक, उन्हात ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट पसरतं. आठ फुटी चौकट जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असेल आणि मेच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तर लांबीत साधारण ८ मिलीमीटरचा फरक पडतो. ॲल्युमिनियममध्ये तो ३ मिलीमीटरच्या आत राहतो. चौकट ग्रॅनाइटमध्ये गच्च बसवली तर ती फुगायला जागाच राहत नाही, मधोमध बाक येतो आणि दुपारी पल्ला अडकतो. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलीमीटर फट सोडून ती लवचीक सीलंटने भरा, सिमेंटने नाही. गडद रंगाचा सेक्शन (चौकटीची पोकळ पट्टी) पश्चिमेला लावू नका, तो पांढऱ्यापेक्षा बराच जास्त तापतो. सेक्शनच्या आत लोखंडी पट्टी आहे का, हे कापलेला तुकडा हातात घेऊन बघा.

माप एकाच जागी घेऊन चालत नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. ओळंबा आणि पाणसळ लावल्याशिवाय स्क्रू आवळू देऊ नका.

इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घर कॉलमवर असतं, पण ओटा बहुतेक वेळा नुसत्या भरावावर टाकलेला असतो. दाराचा खालचा ट्रॅक अर्धा प्लिंथवर (घराच्या जोत्यावर) आणि अर्धा ओट्यावर आला की दर पावसाळ्यात एक कड उचलली जाते. उन्हाळ्यात बरोबर लागणारं कुलूप जुलैत लागत नसेल, तर कुलूप बदलण्याआधी कर्ण मोजा. ट्रॅक पूर्ण प्लिंथवरच हवा.

सागवानाला जुलैत रंधा

चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान आपल्या हाताशी आहे आणि ते चांगलंच आहे. पण कोरड्या मेमध्ये बसवलेला पल्ला जुलैत फुगतोच. सुताराकडून लगेच रंधा मारून घेतला की थंडीत बोटभर फट पडते आणि तिथून धूळ नि डास येतात. दिवाळीपर्यंत थांबा. पल्ला काढून त्याची वरची आणि खालची कड बघा. त्या दोन कडांना पॉलिश लावायचं बहुधा राहूनच जातं, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच ओढतं. आधी त्या कडा बंद करा, मग रंध्याचं बघू.

दार बसल्यावर

सेक्शनवरची प्लास्टिकची टेप रंगकाम होईपर्यंत राहू देतात, मग ती उन्हाळाभर राहते. मेच्या उन्हात तिचा गोंद भाजून निघतो आणि पुढे टेप नखाएवढ्या तुकड्यांत निघते. काम झालं की आठवड्यात काढा. त्याआधी सिमेंटचे शिंतोडे ॲल्युमिनियमवर उडाले असतील तर ओले असतानाच पुसा, वाळल्यावर डाग कायमचा.

पल्ला जड झाला तर तेल घालू नका. तेलाला धूळ चिकटते आणि उन्हाळ्याच्या एका आंधीत ट्रॅकमध्ये लगदा होतो. कोरड्या ब्रशने ट्रॅक साफ करा. तरीही घासत असेल तर पल्ल्याच्या बाजूला खाली छोटं भोक असतं, त्यातला स्क्रू फिरवून चाक वर-खाली करता येतं. चाकं घेताना स्टेनलेस स्टीलची घ्या.

पावसाळ्यात एसी चालू असताना सकाळी काच बाहेरून धुरकट दिसली तर घाबरू नका, दमट हवा थंड काचेला लागून ते पाणी जमतं आणि ऊन आलं की जातं. दुहेरी काचेच्या मध्ये, जिथे फडकं पोचत नाही तिथे धुकं दिसलं, तर कडेचं सील गेलेलं आहे. ते साफ होत नाही, ती जोडकाच बदलावी लागते. म्हणून तिची वॉरंटी किती वर्षांची आहे, हे बिलावर लिहून घ्या.