सोलापूरच्या उन्हात स्विमिंग पूलचं पाणी कसं सांभाळायचं

आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन म्हणजे क्लोरीनचा काळच, सकाळी टाकलेलं दुपारपर्यंत उडून जातं, म्हणून डोस संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्या आणि रात्रभर पंप चालू ठेवा. पण आधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते, बघा, ७.२ ते ७.८ मध्ये पाहिजे, वर गेला की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही.

फ्री क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला पाण्यात मोकळा उरलेला क्लोरीन, १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) ठेवा. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो म्हणून लोक क्लोरीन कमी करतात, खरंतर तो वास घाम-लघवीशी मिळून तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो, तिथं शॉक डोस, म्हणजे एकदम जास्त क्लोरीन, लागतो.

बोअरचं पाणी जड असेल तर टाइल्सवर पांढरा थर बसतो, हार्डनेस तपासाच. आणि पीएच उतरवायला ॲसिड वापरत असाल तर ते नेहमी पाण्यात ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नको, क्लोरीनजवळ तर ठेवूसुद्धा नका, विषारी गॅस होतो.